दाबलेली ढोलकी

गंगा बारगोडेला रत्नागिरीत तोंडावर सगळे गंगाताय म्हणतात आणि पाठ फिरली की भडकू गंगा. दोन्ही नावं तिला ठाऊक आहेत. दुसऱ्या नावाचा तिला राग नाही. राग यायला तिच्याकडे बाकी पुष्कळ गोष्टी आहेत. कार्यक्रमाच्या जागी टेम्पो लागला की कोणीतरी शर्टाला बिल्ला लावलेला माणूस पुढे येतो आणि विचारतो, "साउंडवाला कुठाय?" गंगा खांद्यावरचं केबलचं भेंडोळं त्याच्या पायाशी टाकते. "तुमच्यासमोर उभा हाय. आंधळे झालाव काय?" मग तो बिल्ला दिवसभर तिच्या वाटेला जात नाही.

गाव लांज्याच्या आतलं, जांभ्याच्या सड्यावरचं, म्हणजे उघड्या कातळपठारावरचं. बापूस मुंबईत, आवस शेतात, तेच सगळ्या घरांचं. दहावी नापास झाल्यावर भावाने तिला परळला नेलं. शिकवायला नाही, गावकीच्या खोलीत राहणाऱ्या पुरुषांचं जेवण करायला. भात टाकायचा, सार करायचं, डबे भरायचे. दुपारी सगळे कामावर गेले की खोली मोकळी, आणि खालच्या गाळ्यात एक शेठ अॅम्प्लिफायर जोडायचा. त्याने हिला सोल्डरिंगला बसवलं. बायकांच्या बोटांना बारीक काम जमतं, म्हणाला. बायका मागत नाहीत, हे तो बोलला नाही, पण गंगाला ते ऐकू आलं.

वर्षानुवर्षं तिने जोडलेला एकही अॅम्प्लिफायर तिला कोणी चालू करून दाखवला नाही. तो मान पुरुषांचा. एकदा शेठ जेवायला गेला असताना तिने स्वतःच्या हाताचा एक डबा स्पीकरला लावला आणि गावच्या शाहिराची कॅसेट टाकली. गाळा हादरला. शेठ तोंडातला घास घेऊन धावत आला. "तुला कोणी सांगितलं हात लावायला?" गंगा म्हणाली, "जेवण करणारीने मीठ चाखायचं न्हाय, असा कायदा हाय काय?" त्या दिवसापासून माल तपासायला तीच बसली. शेठचं मन मोठं होतं म्हणून नव्हे. बिघडलेला माल परत येणं थांबलं म्हणून.

मधे लग्न झालं आणि मोडलं. त्याबद्दल ती दोनच वाक्यं बोलते आणि दोन्ही छापण्याजोगी नाहीत. पुढे तयार माल बाहेरून यायला लागला, गाळा बंद पडला आणि गंगा परत आली. गावात नाही, रत्नागिरीत. मांडवीला एक खोली घेतली. दारातून खारा वारा येतो आणि तांब्याच्या तारा खातो, म्हणून पावसाळ्यात ती घरातलं प्रत्येक यंत्र उघडून पुसते. मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवरचे वायरलेस दुरुस्त करून तिने दिवस काढले. एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राचा टेबलाएवढा मिक्सर भंगारातून उचलला, महिनोन् महिने खपून जिवंत केला, आणि त्याच भंगारात तिला ती काळी पेटी मिळाली. कॉम्प्रेसर.

ह्या पेटीचं नाव काढलं की मिरकरवाड्यात हमखास कोणीतरी म्हणतं, "ताय, माझ्या फ्रीजचा गेलाय, बघतेस काय?" गंगाचं उत्तरही ठरलेलं. "माझा कॉम्प्रेसर थंड न्हाय करत. गप्प करतो." आणि ते खरंच आहे. आवाज ठरवलेल्या रेषेच्या वर उसळला की ही पेटी त्याच्या डोक्यावर हात ठेवते. ढोलकीचे दोन माईक, झांजेचा एक, नाचणाऱ्यांच्या पायातल्या चाळांसाठी जमिनीजवळ एक. हे चारही आवाज गंगा मिक्सरवर एका गटात गोळा करते, गटाच्या पाठीमागून एक वायर बाहेर काढून पेटीत घालते आणि दुसऱ्या वायरीने परत आत घेते. मधल्या मधे पेटी त्यांना चेपते. अंगाने भरलेला, पण कुठे न फुटणारा ताल लोकांच्या कानावर पडतो. जिल्ह्यात असं दुसरं कोणी करत नाही, हे गंगा सांगते. विचारलं नाही तरी सांगते.

शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या हे तिचं मुख्य काम. दोन मंडळं समोरासमोर, एक शक्तीवाले, एक तुरेवाले, एकमेकांना गाण्यातून सवाल टाकणार, उणीदुणी काढणार, आणि मधे साउंड मात्र एकच. दोन्ही शत्रूंचे गळे एकाच बाईच्या बोटांखाली. खेडला एकदा तुरेवाल्यांनी बारी संपल्यावर तिचा टेम्पो अडवला होता, आमच्या शाहिराचा माईक खाली ओढलास म्हणून. ओढला नव्हता. पण सिद्ध कसं करणार? तेव्हापासून गंगाने दोन गोष्टी ठरवल्या. मिक्सरच्या डाव्या-उजव्या बाजूला दोन्ही मंडळांचा एकेक माणूस बसणार, तिच्या हातांवर नजर ठेवायला. आणि पहिल्या मंडळाच्या गणात आवाजाचं जे माप लागेल, तेच दुसऱ्यालाही. हलवायचं नाही. तालुक्यातालुक्यांतून लोक म्हणायला लागले, गंगातायचं माप म्हणजे माप. ती ते ऐकून घेई आणि मान ताठ करी.

ह्या तोऱ्यानेच घात केला.

रविवारची बारी होती, भर दुपारची, शहरातल्या एका सभागृहात. शक्तीवाल्यांचे शाहीर धोंडूबुवा. त्यांच्या ढोलकीवर यंदा वेदिका, रघू ढोलकीवाल्याची मुलगी. रघूचा खांदा कायमचा गेला आणि त्याच्या जागी त्याची पोर बसली. मंडळातल्या निम्म्या पुरुषांच्या पोटात ह्यामुळे दुखत होतं. बाईने घागर वाजवावी, टाळ्या वाजवाव्यात, ढोलकी कशाला? धोंडूबुवांनी मधला मार्ग काढला होता. ही एक बारी तिला द्या. बसली तर गणपतीत तीच, नाही बसली तर मुंबईहून वादक आणू आणि परत हा विषय काढायचा नाही. वेदिकाला हे माहीत होतं. गंगालाही.

वायरिंग चालू असताना परशुरामभाऊ आले. आयोजक मंडळाचे अध्यक्ष, आंब्याच्या बागा, पांढरा सदरा, तुऱ्याच्या बाजूचे जुने आश्रयदाते.

"गंगाताय, जरा इकडे ये."

"तिथनंच बोला. हात गुंतलेत."

"त्या रघूच्या पोरीची ढोलकी जरा बेतात ठेव. बंद नको अगदी. पण आमच्या रितेशच्या अंगावर यायला नको."

"का?"

"अगो, लोक काय म्हणतील? एवढा नावाजलेला वादक. तिला काय, हौस आहे. चार दिवस वाजवेल, लग्न झालं की ढोलकी माळ्यावर."

गंगाने हातातली पक्कड टेबलावर आपटली. "भाऊ, मी तुमच्या बागेत येऊन सांगते काय, हे कलम वाढू दे, ते छाट म्हणून? मग माझ्या टेबलावर कशाला येता?"

"रागावतेस कशाला? सांगून ठेवलं."

"ऐकून ठेवलं. आता निघा. वायरवर पाय हाय तुमचा."

ते गेले, पण गंगाच्या डोक्यातून गेले नाहीत. परळच्या शेठचं तोंड आणि ह्यांचं तोंड एकच वाटायला लागलं. आज माप केसभर हलू देणार नाही, तिने ठरवलं. कोणी बोट दाखवू नये. ह्यांनी तर नाहीच नाही.

तुरेवाल्यांचा भागोजी डावीकडे येऊन बसला, पोट टेबलाला टेकवून. उजवीकडे शक्तीवाल्यांनी शमिकाला बसवलं, वेदिकाची मैत्रीण. तुरेवाले पहिले. त्यांची बसायची पद्धत मुंबईची: गाणारे-वाजवणारे एका कडेला ओळीत, नाचणारे मधे मोकळे, माईकपासून लांब. रितेश हाताचा जड. पहिल्याच तुकड्याला स्पीकर कण्हायला लागले. गंगा टेबलाखाली गुडघ्यांवर बसली आणि पेटीचा चाप आवळला. रेषा खाली आणली, धरलेला आवाज सावकाश सोडायला लावला.

"खाली काय करतेस गो?" भागोजीने वाकून विचारलं.

"तुमच्या रितेशला माणसात आणतंय."

रितेश माणसात आला. ढोलकी गोल, भरीव, कानाला न बोचणारी. परशुरामभाऊ पहिल्या रांगेत मान डोलवत होते. तुऱ्याची गवळण संपली, टाळ्या पडल्या.

शक्तीवाले मंचावर चढत असताना शमिका हळूच म्हणाली, "ताय, आमची मांडणी जुनी हाय. वाजवणारे मधे बसतात, पोरं भोवती गोल नाचतात. माईक जवळ पडतील. एकदा बघून घेतेस?"

"माझं माप एकच."

"न्हाय, पण चाळ..."

"शमिका, तुझ्यासाठी हलवलं तर उद्या ह्या भागोजीसाठी पण हलवावं लागंल. बस गप."

भागोजीने खूश होऊन मान हलवली.

गण संथ असतो, तोवर काही कळलं नाही. मग धोंडूबुवांनी गवळण उचलली, लय चढली, गोलातल्या पोरांनी पाय आपटायला सुरुवात केली आणि ढोलकी नाहीशी झाली. बंद पडली नाही. वाजत होती, दिसत होती, वेदिकाचे दोन्ही हात उडत होते. पण जिथे थाप पडायची तिथे नुसता चाळांचा धप्पा, आणि धप्प्यांच्या मधे झांज फुगून वर यायची, दम लागलेल्या माणसासारखी. वेदिकाने जोर वाढवला. जोर वाढवला तशी ढोलकी आणखी खाली गेली.

तुऱ्याच्या बाजूने पहिला आवाज आला, "पोरी, सकाळी जेवलीस काय?"

दुसरा म्हणाला, "भाकरी थापतेय रे, थापू दे."

सभागृह हसलं. शक्तीवाल्यांच्या रांगेतले काहीजणही हसले. आम्ही आधीच म्हणत होतो, असं त्यांच्या हसण्यात होतं. वेदिकाने एकदा मिक्सरकडे पाहिलं. गंगाने ती नजर पाहिली, आणि तिच्या मनात काय आलं? हिचाच हात कमी पडतोय. मांडवीपासून मिरकरवाड्यापर्यंत भल्याभल्यांशी भांडलेल्या बाईच्या मनात पहिल्या झटक्याला परशुरामभाऊंना शोभेल असंच वाक्य आलं.

मग तिने हेडफोन चढवला आणि एकट्या ढोलकीचा माईक कानात घेतला, पेटीत जायच्या आधीचा. ढोलकी खणखणीत होती. डाव्या हाताचा घुमार, उजव्याची टिचकी, सगळं जागच्या जागी. गंगाने वाकून टेबलाखाली पाहिलं. पोरांचा पाय पडला की पेटीवरचा लाल दिवा पेटत होता. चारही आवाज एका गटात, म्हणून पेटीला धप्पा मोठा वाटत होता आणि ती धप्प्यासाठी सगळ्यांचाच गळा आवळत होती, ढोलकीचा पण. आणि धप्पा नेमका समेवर. दर समेला ढोलकी पाण्याखाली.

एवढ्यात एक कार्यकर्ता कोकम सरबताचा ग्लास घेऊन आला. "भाऊंनी दिलंय. बरं केलंस म्हणाले."

गंगाने पहिल्या रांगेकडे पाहिलं. परशुरामभाऊंनी मागे वळून, डोळे मिटून, समाधानाने मान हलवली.

थोबाडीत बसली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी सांगितलेलं काम तिने केलं होतं. नाही म्हणून, भांडून, ताठ मानेने, पण केलं होतं. त्यांना जे लबाडीने हवं होतं ते तिने इमानाने करून दिलं होतं.

पेटीवर एक बटण आहे. दाबलं की पेटी बाजूला होते, आवाज सरळ जातो. टेबलाखाली असल्यामुळे भागोजीला दिसलं नसतं, शमिकालाही नाही. पोरगी सुटली असती, मापाचं नाव राहिलं असतं, आणि सरबत पिऊन घरी जाता आलं असतं. गंगाचं बोट बटणापाशी गेलंही. पण टेबलाखाली चांगलं करता येतं तिथे वाईटही करता येतं. मग ही दोन माणसं इथे बसवली कशाला, शोभेला?

ती उठली, निवेदकाच्या हातातून माईक ओढला आणि चालू गवळणीत बोलली.

"थांबा. बारी थांबवा."

चाळ विस्कळीत होऊन थांबले. धोंडूबुवांचा सूर अर्ध्यावर राहिला. भर बारीत शाहिराला थांबवणं म्हणजे केवढा अपमान, हे सगळ्यांना कळत होतं. आरडाओरडा सुरू झाला. गंगा त्याच्या वर ओरडली, तिच्याकडे माईक होता.

"ढोलकी वाजतेय. तुम्हाला ऐकू येत न्हाय, कारण मी दाबलेय. पोरीच्या हाताला हसलात ना? हसायचं तर मला हसा. परशुरामभाऊंनी सकाळी सांगितलं, हिची ढोलकी खाली ठेव. मी न्हाय म्हटलं, आणि तरी खाली गेली. माझ्या पेटीने, माझ्या मापाने. एक मंडळ कडेला बसतं, एक मधे बसतं, आणि मी शहाणी दोघांना एकच चाप लावून बसले. ही शमिका सांगत होती, तिला पण गप्प केलं."

परशुरामभाऊ उभे राहिले. "हे साफ खोटं आहे. मी फक्त बेतात ठेव म्हणालो."

त्या 'फक्त'वर सगळं सभागृह हसलं. भाऊ लाल झाले. गंगाला आणखी बोलायचं होतं, पुष्कळ साठलं होतं, पार परळपासूनचं. पण गोलातून वाट काढत वेदिका मंचाच्या कडेपर्यंत आली, कमरेला ढोलकी तशीच.

"ताय, भाषण मागनं कर. आधी माझा आवाज दे."

गंगाने भाषण तिथेच सोडलं आणि ती पेटीकडे वळली. असं फार कमी वेळा होतं.

"आणि आमचं?" भागोजी उठला. "आमची ढोलकी दाबून वाजवलीत आणि हिची आता उघडणार? हे कुठलं माप?"

"बरोबर बोललास. बोलव रितेशला."

रितेश आला. गंगाने त्याच्या कानाला हेडफोन लावला, मिक्सरला जोडलेल्या रेकॉर्डरवरचं त्याच्या गणातलं रेकॉर्डिंग आधी पेटीशिवाय ऐकवलं, मग पेटीसकट. तो वादक होता, पुढारी नव्हता. दोन्ही नीट ऐकून म्हणाला, "माझी आहे तशी ठेवा. पेटीतनं जाडी येतेय."

"मग भागोजी, काय म्हणणं?"

"तो म्हणतो तर..."

"आता तुम्ही दोघं खाली वाका. मी काय करते ते डोळ्यांनी बघा."

भागोजी पोटासकट टेबलाखाली शिरला, दुसऱ्या बाजूने शमिका. गंगा एकेक वायर काढताना माईकवर सांगत होती. ढोलकी ह्या गटातून बाहेर काढली, तिला स्वतःचा वेगळा गट, पेटी नाही. झांज आणि चाळ राहिले पेटीत. आता पाय आपटले की पाय दाबले जातील, ढोलकी नाही.

"हा लाल दिवा म्हणजे?" भागोजीने खालून विचारलं.

"म्हणजे कुणाचा तरी गळा धरलाय. मघापासून तिचा होता."

भागोजीने बाहेर येताना टेबलावर डोकं आपटून घेतलं आणि कुठल्याही मंडळाची नसलेली एक शिवी दिली. माईक चालू होता. सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

धोंडूबुवा अजून धुमसत होते. शाहिराला असं तोडतात होय, म्हणाले. पण गवळण त्यांनी पहिल्यापासून घेतली. लय चढली, गोल फिरायला लागला, पाय आपटले, आणि त्याच्या मधून ढोलकी उभी राहिली. गोड नव्हती. वेदिका रागात होती आणि राग दोन्ही हातांनी वाजत होता. एका ठिकाणी ती लयीच्या पुढे निघाली, नाचणाऱ्यांना धावायला लावलं, बुवांनी डोळे वटारले तशी परत आली. पण भाकरीचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. रितेश विंगेत उभा राहून ऐकत होता, हाताची घडी घालून, अजिबात न हसता. वादकांमध्ये ह्याला दाद म्हणतात.

शेवटच्या पदानंतर धोंडूबुवांनी कपाळ पुसलं आणि आपल्या माणसांच्या रांगेकडे बघत माईकवरच सांगितलं, "गणपतीला आमच्या ढोलकीवर हीच. कुणाला काही बोलायचं असेल तर इथे येऊन माईकवर बोला." कोणी आलं नाही.

परशुरामभाऊ मात्र मिक्सरपाशी आले. "ह्या सभागृहात तुझा हा शेवटचा कार्यक्रम."

"आणा दुसरा कोणी," गंगा केबल गुंडाळत म्हणाली. "त्याला पण सांगा काय दाबायचं ते. फक्त माईकवर सांगा." आणि सरबताचा भरलेला ग्लास तिने त्यांच्या हातात दिला.

उन्हात टेम्पो भरताना वेदिका आली. तळहात सुजले होते. आभार मानायला आली असेल असं गंगाला वाटलं, आणि त्याला काय उत्तर द्यायचं ह्या विचाराने ती आधीच चिडली होती.

"मघाशी मला वाटलं माझा हातच गेला," वेदिका म्हणाली. "घरी जाऊन बापसाला काय सांगू, असं झालं. तेवढा वेळ तू खाल्लास माझा, ताय."

"खाल्ला," गंगा म्हणाली.

वेदिकाने खाली पडलेली एक केबल उचलून टेम्पोत टाकली.

"आणि वायर बदलल्यावर पण झांज जास्तच होती."

"झांज जास्त न्हवती. तुझा डावा हात कमी पडतोय."

"डावा कमी न्हाय. तुझा माईक लांब होता."

"माईक मी लावलाय. मला शिकवू नको. बुधवारी मांडवीला ये, अख्खं मंडळ घेऊन ये, अंगणात मधे बसून वाजव, मग बघू कुणाचं काय कमी हाय. हितनं पुढे बारीच्या आधी दोन्ही मंडळांनी यायचं, आपापलं माप आपल्या कानाने लावून घ्यायचं. एकट्या तुझ्यासाठी मी पेटी उघडणार न्हाय, त्या रितेशला पण सांग."

"मी कशाला सांगू? तू सांग."

रितेश रस्त्याच्या पलीकडे चहाच्या टपरीवर उभा होता. गंगाने टेम्पोच्या फळीवरूनच त्याला हाक मारली. शिवी हासडल्यासारखी. आपण काय केलं हे न कळल्यामुळे तो ग्लास तसाच हातात घेऊन रस्ता ओलांडून आला.